ताईची उलटी लेन्स

३ फेब्रुवारी, सोमवार

आज स्वतःच्या घरात, स्वतःच्या पायांनी चालायला मला बंदी करण्यात आली. नोंद करून ठेवतो. जुलूम नेमका कधी सुरू झाला असं उद्या कुणी विचारलं तर तारीख हवी.

सकाळी सव्वानऊ. एका हातात चहा, दुसऱ्यात पेपर, उजवा पाय उंबरठ्याच्या आत, डावा हवेत – आणि आतून हुकूम आला : "छोट्या, हलू नकोस!" मी पंचावन्न वर्षांचा आहे. वजन ब्याऐंशी. एवढा ऐवज एका पायावर उभा! चहा बशीत, बशीतून मनगटावर. आणि कशासाठी? तर जेवणाच्या टेबलावर ताई एका बीचा फोटो काढत होती. बी खसखशीपेक्षाही लहान. मी चाललो की फरशी हलते, फरशी हलली की टेबल, आणि टेबल हललं की बी म्हणे "चौकटीतून पळून जातं".

फ्रिजसुद्धा बंद. त्याची घरघर बीला सोसत नाही. लोण्याचं तेल झालं. बायको तरी माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. म्हणाली, "अहो, वन्संचं काम चाललंय. तुम्ही जरा बसून राहा ना. नाहीतरी तेच करता."

४ फेब्रुवारी, मंगळवार

कालचं वाचलं. पेपरातल्या माझ्या विनोदी सदरासाठी लेख म्हणून झकास. माणूस म्हणून अंमळ हलकट.

खरी हकीकत अशी. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत होती. पोत्यातला मूठभर नमुना काचेवर पसरायचा आणि चिमट्याने एकेक दाणा बाजूला करायचा – हे पीक, हे तण, हा खडा. चुकीचं एक बी निसटलं की कुणाच्या तरी शेतात पुढची दहा वर्षं तण. बियाणांचे व्यापारी तिला 'घार' म्हणायचे. प्रेमाने नाही.

त्या वर्षांत तिने तणांच्या बिया जमवल्या. करंगळीएवढ्या काचेच्या बाटल्या, दोनशे चौदा, प्रत्येकीवर नंबर. आता प्रयोगशाळा नव्या इमारतीत चाललीय आणि तिथे जुन्या कपाटाला जागा नाही. अर्ध्या बाटल्यांत कीड. ताईच्या जागी आलेल्या बाईंनी फोन केला : "मॅडम, मार्चच्या मध्यापर्यंत सगळ्यांचे फोटो काढून नावं लावून द्या. तुम्ही ओळखता तशा आम्हाला कुठे ओळखता येतात?"

आणि डिसेंबरात ताईला तिच्या खोलीच्या दाराची चौकट वाकलेली दिसायला लागली. तिने सुतार बोलावला. सुताराने ओळंबा लावला आणि म्हणाला, "बाई, चौकट सरळ आहे." तिथून ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे. उजव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय. डाव्याला सुरुवात. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन – म्हणून मुक्काम आमच्याकडे.

बिया दोनशे चौदा. डोळा अर्धा. आणि मी लोण्याचा हिशेब मांडून बसलो होतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लेन्स बघायला गेलो. कॅमेरा माझाच – हौसेने घेतलेला, तीन सहलींनंतर कपाटात गेलेला. त्याच्या लेन्सला जवळचं काही दिसत नाही. हा दोष मालकाकडून आला असावा.

मोठ्या दुकानात बारीक वस्तूंसाठीची खास मॅक्रो लेन्स काचेच्या कपाटात, मखमलीवर. विक्रेत्याने किंमत सांगितली. बायकोने घाईने माझा दंड धरला. कशाला, कोण जाणे. मी फक्त वाचा गेल्यामुळे उभा होतो.

मग गल्लीच्या टोकाला, जिन्याखालचा दुरुस्तीवाला. त्याच्या दुकानात त्याच्याशिवाय कुणी मावत नाही. गिऱ्हाईक रस्त्यावर. ताईने पर्समधून बाटली काढली आणि एक बी त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने घड्याळजीसारखं भिंग डोळ्याला लावलं.

"हे काय, ढेकणाचं पिल्लू?"

"घोळ."

"भाजीची?"

"तीच."

बी बोटाने उलटंसुलटं केलं. मग म्हणाला, "अहो ताई, ह्याच्यावर नक्षी आहे हो! रांगेत ठिपके!" – आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं काही ते ठिपके तिनेच पाडले होते. त्या क्षणी तो आमचा झाला.

मी मखमलीवरच्या लेन्सबद्दल विचारलं. "साहेब, ती चांगलीच आहे. पण बी काय विचारणार आहे, कंपनी कुठली म्हणून?" त्याने तीन वस्तू काढल्या. एक : लेन्सवर चष्म्यासारखी चढवायची भिंगं. दोन : कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायच्या तीन कड्या, लहान-मधली-मोठी. तीन : लेन्स उलटी बसवायचं एक चकतीवजा कडं, आणि त्याच्यासोबत कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरून गेलेली जुनी लेन्स.

"उलटी?" मी.

"लेन्स मोठं जग लहान करून आत घेते. उलटी धरली की लहान मोठं होतं. त्यात काय!"

सगळं मिळून एका बऱ्या बुटाच्या जोडाइतकं. एका बुटाचं म्हटलं तरी चालेल, उधळ्या माणसाच्या.

९ फेब्रुवारी, रविवार

पुढे चढवायची भिंगं : मधे ठीक, कडेला सगळं दूध सांडल्यासारखं. ताईने ती बायकोला दिली. बायको त्यातून सुईत दोरा ओवते. झकास चाललंय.

कड्या हातात घेऊन बघितल्या. आरपार पोकळ! काच नाही, काही नाही. चक्क हवा विकत घेतली आम्ही. रविवार सार्थकी लागला – पुढच्या लेखाला विषय मिळाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जुनी लेन्स उलटी, मागे मधली कडी. टेबलावर काळा कागद, वर ट्रेसिंग पेपर, त्यावरून माझा वाचायचा दिवा. कॅमेरा ड्रॉवरच्या सरकपट्टीवर बसवलाय. ही त्या जिन्याखालच्या विश्वकर्म्याचीच करामत. मागे एक बोल्ट. तो पाव फेरा फिरवला की कॅमेरा केसभर पुढे जातो.

एवढ्या जवळून म्हणे एका वेळी कागदाच्या जाडीइतकंच स्पष्ट येतं. म्हणून बीच्या माथ्यापासून तळापर्यंत पंचवीस-तीस फोटो, प्रत्येक वेळी पाव फेरा, आणि मग कॉम्प्युटर ते सगळे एकात शिवतो. श्वास रोखायचा, बटण, श्वास सोडायचा, पाव फेरा. बोल्ट ताईच्या हातात. वही माझ्या. रकाने तिनेच आखून दिलेत : नंबर, नाव, कडी.

दुपारी पडद्यावर पहिलं बी शिवून आलं. घोळ.

मी आयुष्यभर शब्दांवर पोट भरलंय, पण पाच मिनिटं तोंडातून 'आयला' याखेरीज काही निघालं नाही. शंखासारखं वळलेलं, काळं, निळसर झाक, आणि त्यावर ठिपक्यांच्या ओळी – एक ओळ चुकलेली नाही. ही घोळ मी जन्मभर पायदळी तुडवत आलो.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "आणि हे सगळं मातीत पडून राहायचं असतं."

१६ फेब्रुवारी, रविवार

लेख छापून आला. 'हवेच्या कड्या'. संपादकाचा सकाळीच फोन, "हसून मेलो!" – मेला नाही, दुर्दैव. ताईला छापील अक्षरं आता जड जातात, म्हणून बायकोने मोठ्याने वाचून दाखवला. 'जिवंत नवऱ्यापेक्षा मेलेल्या तणात रमणारी बहीण' या ठिकाणी बायको अडखळली. (मेव्हणे ठणठणीत आहेत, गावी एकटे स्वयंपाक करताहेत. विनोदासाठी वाटेल ते!)

ताई हसली. खरंच हसली. मग म्हणाली, "एक चुकलंय बघ. कड्यांत हवा नसते रे. अंतर असतं. लेन्स कॅमेऱ्यापासून लांब जाते, म्हणून जवळचं दिसतं."

बस्स, एवढंच. दिवसभर ते वाक्य दाढेत अडकल्यासारखं अडकून आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसाला दहा-बारा बिया. दुरुस्तीवाला दुपारी एका गिऱ्हाइकाची खरीखुरी मॅक्रो लेन्स तासाभरासाठी घेऊन आला – "ताईंना एकदा मखमलीवर बसवू." एकच बी दोन्हींतून काढलं. नावं झाकून मला विचारलं, कुठलं कशातून? मी छातीठोकपणे सांगितलं. चूक!

ताईला कळलं. "ही बरी आहे," ती त्या महागड्या लेन्सबद्दल म्हणाली. "काम सोपं होतं. मान कमी दुखेल." मग लेन्स पुसून परत केली. "पण आपल्या उलट्या म्हातारीला जे दिसतं ते हिलाही तेवढंच दिसतंय. न्या परत."

तो जाताना मला जिन्यात म्हणाला, "साहेब, चाळीस वर्षं लोक माझ्याकडे लेन्स कशी आहे ते विचारायला येतात. काय बघायचंय ते घेऊन आलेली ही पहिली बाई."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायची लाज वाटते, म्हणून लिहितो.

शहाण्णव बिया झाल्या होत्या. नमुना म्हणून त्यांचे फोटो प्रयोगशाळेतल्या बाईंना पाठवले. त्यांचा फोन आला. "मॅडम, अप्रतिम! पण सोळा आणि सतराला एकच फोटो दोनदा आलाय का?"

ताई म्हणाली, नाही, त्या दोन वेगळ्या अमरवेली आहेत. एकीचं बी एक मिलिमीटर, दुसरीचं तीन. बाकी जुळ्या. लहान बी मोठी कडी लावून मोठं केलं, म्हणून फोटोत सारख्या दिसतात. कुठल्या फोटोला कुठली कडी होती त्यावरून मूळ आकार काढायचा, ते सगळं वहीत आहे. "छोट्या, सोळाची कडी वाच."

मी वही उघडली. कडीच्या रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'निवृत्त न्यायाधीश, सर्दी झालेला.'

"सतरा?"

'त्याचाच मेहुणा.'

पहिल्या चार बियांना मी कड्या लिहिल्या होत्या. पाचव्यापासून विनोद. एकाहून एक सरस विनोद. ब्याण्णव!

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ताई वहीकडे बघत होती – म्हणजे तोंड वहीकडे होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी ओरडायची, मी तिच्या प्रयोगवहीत मिशा काढायचो तेव्हा.

"तुला लिहिता येतं," ती म्हणाली, "म्हणून वही तुला दिली होती."

२२ फेब्रुवारी, शनिवार

आकार माहीत नसेल तर फोटो नुसता देखणा. भिंतीवर लावा! तपासणाऱ्या बाईने तो बघून तीन मिलिमीटरचं तण एक मिलिमीटरचं समजून सोडलं की मेलं शेत.

ब्याण्णव परत. या वेळी प्रत्येक बीनंतर त्याच कडीवर स्टीलच्या पट्टीचाही एक फोटो. मिलिमीटरच्या रेघा सोबत असल्या की वहीवर विसंबायला नको. म्हणजे माझ्यावर.

बोल्ट मी मागून घेतला. पुढचे दोन आठवडे लेख देणार नाही असं संपादकाला कळवलं. "तब्येत?" म्हणाला. हो म्हटलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पाव फेरा. श्वास. बटण. दिवसभर.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ब्याण्णव भरून निघाल्या, वर आणखी वीस. रोज आठ तास. माझ्या बोटांना आता पाव फेरा कळतो. पूर्वी फक्त पाव चमचा साखर कळायची.

काय काय बघितलं या आठवड्यात! एका बीला छत्री. एकाला गळ – माशाचा असतो तसा, दोन्ही बाजूंनी. एक अगदी काजूसारखं, पण अंगभर केस. एकाच्या पाठीवर जाळी, इतकी नेमकी की कापडाच्या गिरणीने हेवा करावा. आणि प्रत्येकाबद्दल ताईला काहीतरी सांगायचं असतं. "हे वीस वर्षं मातीत झोपतं आणि मग उठतं." "हे मोहरीत लपून येतं, चोर." "याने एकदा मला फसवलं होतं. एकदाच!" शेजारणींबद्दल बोलावं तसं. एकतीस वर्षं ती काय करते असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "दाणे निवडते." धान्य निवडतात तसं. तिच्यासमोर सांगायचो.

तिने एकदाही दुरुस्त केलं नव्हतं.

४ मार्च, मंगळवार

एकशे ऐंशीच्या पुढे. ताई पडद्याकडे बघताना तोंड खिडकीकडे करते. मला वाटलं, उजेड लागतो. बायकोला म्हटलं, खिडकीचा पडदा सरकवू का?

"तुम्हाला आत्ता दिसलं?" बायको म्हणाली. "पंधरा दिवस झाले. सरळ बघितलं की वन्संना मधे नुसता करडा डाग दिसतो. डोळ्याच्या कडेने बघतात त्या."

बाटल्या ती ओळखते कशी मग? बायको म्हणाली, खणातल्या जागेवरून. आणि बी? कडेने जेवढं दिसतं तेवढं, बाकीचं बोटाने. चिमट्यात धरताना कळतं म्हणे.

आणि फोटो स्पष्ट आलाय की नाही, ते? ते ती मला विचारते. मला! न्यायाधीशाला सर्दी लावणाऱ्याला!

५ मार्च, बुधवार

आज ती जे जे विचारेल ते नीट बघून सांगितलं. "कडेला पंख आहे?" आहे. "दोन्हीकडून?" डावीकडून तुटका. "तुटकाच असतो. शाब्बास." पंचावन्नाव्या वर्षी शाब्बासकी मिळाली. दिवसभर मिरवली. बायकोसमोर दोनदा.

८ मार्च, शनिवार

झालं! दोनशे चौदा!

शेवटी उरलं होतं एकशे अठ्ठ्याऐंशी. रानमाठाच्या जातीचं, काळं, आरशासारखं चकचकीत. दिव्याचा डाग पडतो म्हणून तीनदा पुढे ढकललेलं. एकशे सत्त्याऐंशी आणि ते हुबेहूब सारखी, आकारानेही. फरक एकच : जिथे बी देठाला चिकटलेलं असतं तिथे याला पांढरी झालर असते.

चार तास त्या एका बीवर. ट्रेसिंग पेपर वाकवला, दिवा हलवला, मोठी कडी लावली. ताईची मान आखडलेली, एका हाताने मानेचा मागचा भाग दाबत होती. परवा इंजेक्शन. एकतीस फोटो, शिवून झाले, पडद्यावर आलं.

"झालर दिसतेय?"

नव्हती दिसत. तिथे दिव्याचा पांढरा डाग होता. पांढराच, पण डाग.

"दिसतेय," मी म्हणालो.

"दातेरी?"

"हो."

ती खुर्चीत मागे टेकली. "झालं एकदाचं," म्हणाली. बायकोने चहा टाकला. दुरुस्तीवाला आला होता, त्याने पडद्यावरून एकेक बी बघितलं – दोनशे चौदा, न कंटाळता. एकशे अठ्ठ्याऐंशीला मी जरा पटकन पुढे गेलो.

तिला दमलेली बघवत नव्हती. हे कारण मी दिवसभर स्वतःला सांगतोय. मला संपवायचं होतं, हे दुसरं.

९ मार्च, रविवार

टेबल आवरलं. कड्या डबीत, बाटल्या खणात, कॅमेरा पिशवीत. फोटो मंगळवारी पाठवायचे. ताई दिवसभर झोपून. मी वर्तमानपत्र उघडलं आणि एकही ओळ वाचली नाही.

१० मार्च, सोमवार

आठला दोघी इस्पितळात गेल्या. मी टेबलापाशी आलो.

कॅमेरा पट्टीवर चढवलेला. जुनी लेन्स उलटी, मागे मोठी कडी. काळ्या कागदावर एक बी, मधोमध, देठाकडची बाजू वर. शेजारी चिमटा, त्याच्या शेजारी बाटली : एकशे अठ्ठ्याऐंशी.

काल मी हे सगळं उचलून ठेवलं होतं. हे तिने, तेवढ्या डोळ्यांनी, पहाटे कधीतरी मांडलं.

दिवा बाजूला घेतला. खिडकीचा उजेड घेतला. चौतीस फोटो. दुसऱ्या खेपेला झालर आली – पांढरी, बारीक, दातेरी. जुना फोटो पुसला, नवा त्याच्या जागी ठेवला. बी चिमट्याने बाटलीत, बाटली खणात.

ती विचारणार नाही. मी सांगणार नाही.